शेक्सपिअर असताना बेन जॉन्सन कशाला?

“मॅडम, शेक्सपिअर असताना तुम्ही बेन जॉन्सनमध्ये एवढ्या का रमता?” बी.ए.च्या वर्गात दरवर्षी कोणीतरी हे विचारायचंच. परवा एका जुन्या विद्यार्थिनीने फोनवर पुन्हा विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बेन जॉन्सन हा शेक्सपिअरच्याच काळातला इंग्रज नाटककार आणि कवी.

शेक्सपिअर आपल्यापर्यंत पोचला, त्यात जॉन्सनचाही हात आहे असं मी मानते. त्या काळी लंडनमध्ये नाटकं छापली जायची ती सुटी, पातळ चोपडी म्हणून. जॉन्सनने १६१६ साली आपली नाटकं आणि कविता एका भल्याथोरल्या ग्रंथात छापल्या आणि त्याला नाव दिलं ‘वर्क्स’. लोकांनी टिंगल केली, की हा ‘प्ले’ला ‘वर्क’ म्हणतो, खेळाला काम म्हणतो! पण नाटक जपून ठेवण्याजोगं वाङ्मय आहे, हे त्याने ठासून सांगितलं. सातच वर्षांनी, १६२३ मध्ये, शेक्सपिअरच्या सोबतच्या नटांनी त्याची छत्तीस नाटकं तशाच मोठ्या ग्रंथात आणली. त्यातली निम्मी तोवर छापलेलीच नव्हती. ‘मॅकबेथ’ आणि ‘टेम्पेस्ट’ त्यातलीच. हा एका युगाचा नव्हे, सर्वकाळचा कवी, असं त्या ग्रंथाच्या आरंभी लिहिणारा जॉन्सनच. जॉन्सनच्या स्वतःच्या ग्रंथात ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’च्या १५९८च्या प्रयोगातल्या नटांची यादी आहे. तिच्यात पहिलंच नाव विल शेक्सपिअर. त्या पानाची प्रत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

ड्रायडन या इंग्रज कवी-समीक्षकाने १६६८ मध्ये लिहिलं, की जॉन्सनबद्दल मला आदर आहे, पण प्रेम शेक्सपिअरवर. मीही बरीच वर्षं वर्गात तेच सांगत आले. मग एकदा जॉन्सनची ‘ऑन माय फर्स्ट सन’ ही बारा ओळींची कविता शिकवायला घेतली.

त्याचा थोरला मुलगा १६०३च्या प्लेगमध्ये गेला, सातव्या वाढदिवसाला. त्याचंही नाव बेंजामिन. हिब्रूत या नावाचा अर्थ ‘उजव्या हाताचा पुत्र’, आणि कविता याच शब्दांनी त्याचा निरोप घेते. बाप तेव्हा लंडनबाहेर होता. कपाळावर रक्ताचा क्रूस असलेला मुलगा त्याला स्वप्नासारखा दिसला आणि मागोमाग बायकोचं पत्र आलं, असं त्याने पुढे ड्रमंड या स्कॉटिश कवीला सांगितलं.

कवितेत तो म्हणतो, सात वर्षं तू मला दिलेला होतास, आता नेमक्या दिवशी परत करतो. मी फळ्यावर लिहिलं, ‘ठेव’. आपल्याकडे म्हणतातच ना, देवाची ठेव देवाने नेली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “मॅडम, ठेव नाही, उसना. ठेवीला आपण फक्त राखणदार असतो. उसनं घेतलेलं मुदतीला फेडावं लागतं.” तिचं बरोबर होतं. मूळ शब्द कर्जाच्या व्यवहारातलाच आहे. मी ‘ठेव’ पुसून ‘उसना’ लिहिलं, आणि तेव्हापासून ती ओळ मला तशीच ऐकू येते.

हाच माणूस भांडकुदळ होता. १५९८ मध्ये द्वंद्वात त्याने एका नटाला ठार केलं, आणि लॅटिन वाचता येत असल्याने, पाद्र्यांसाठीच्या जुन्या सवलतीखाली, अंगठ्यावर डाग घेऊन फाशीतून सुटला. विटा रचणाऱ्या सावत्र बापाच्या घरातला मुलगा, शिक्षकांच्या जोरावर लॅटिन पंडित झालेला. ‘व्होल्पोनी’ आणि ‘अल्केमिस्ट’ ही त्याची बांधीव नाटकं, एकेका हावेवर नेमका घाव घालणारी, मला आजही ताजी वाटतात. पण त्यांच्याविषयी पुन्हा कधीतरी.

मुलाला तो सांगतो, कोणी विचारलं तर म्हण, इथे बेन जॉन्सनची सर्वोत्तम कविता निजली आहे. ग्रीकमध्ये कवी म्हणजे घडवणारा, म्हणून बापाने घडवलेला मुलगाही त्याची कविताच, आणि हे ग्रीक पंडित जॉन्सनला पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या ओळीत तो शपथ घेतो, की यापुढे ज्याच्यावर प्रेम करीन त्याचा फार लळा लावून घेणार नाही. प्रेम आणि लळा यांत फरक करणारा हा बाप मला शेक्सपिअरइतकाच जवळचा वाटतो. सुरुवात याच बारा ओळींपासून करा, मोठ्याने वाचा, आणि मग ‘अल्केमिस्ट’ उघडा.