पिल्लू तुमचं, घर मांजरांचं

दीड महिन्यापूर्वी ब्रांडेनबुर्गमधल्या एका खेड्यातून एक बाई दोन तासांचा प्रवास करून आमच्या बर्लिनच्या घरी आल्या. कॉकर स्पॅनिअलची पिल्लं वाढवतात त्या. त्यातलं एक आम्हाला हवं होतं, आम्ही दोनदा जाऊन पाहूनही आलो होतो. मला वाटलं, कागदपत्रं, पैसे, झालं. बाईंनी चहा नको म्हटलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मांजरं झोपतात कुठे?"

मग त्या घरभर फिरल्या. मनी आणि ढब्बू कुठे जेवतात, कुठून उडी मारतात, कोणी आलं की कुठे लपतात, सगळं पाहिलं. न्हाणीघराच्या दारात थांबून म्हणाल्या, "मांजरांच्या शी-शूचा लिटर ट्रे इथे, पॅसेजच्या टोकाला. पिल्लू पॅसेजमध्ये उभं राहिलं तर मांजरांनी जायचं कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. निघताना सांगून गेल्या: दाराला फाटक बसवा, दुसरा ट्रे बेडरूममध्ये ठेवा, मांजरांसाठी उंचावर वाट करा, फोटो पाठवा. त्यानंतर पिल्लू. "पिल्लू तुमचं असेल, पण घर मांजरांचं आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका राग आला होता. मी वाईची. आमच्या अंगणात मोती होता, चुलीपाशी मांजर होती, परसात कोंबड्या होत्या, आणि कोणी कोणाची ओळख करून दिल्याचं मला आठवत नाही. रात्रीची उरलेली भाकरी दुधात कुस्करून दारच्या कुत्र्याला घातल्याशिवाय आजी झोपायची नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट ऐकत आम्ही वाढलो. आणि मला कोणी येऊन शिकवावं, की प्राण्याला घरात कसं घ्यायचं?

इथले नियम मी नाकारत नाही. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याचा वर्षाला १२० युरो कर भरावा लागतो, दुसऱ्याचा १८०. मांजराला कर नाही. कुत्र्याला ओळखीसाठी कातडीखाली चिप हवी, त्याच्यामुळे कोणाचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा हवा. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडता येत नाही. २०२२ पासून तर असाही नियम आहे, की पैदास करणाऱ्याने वीस आठवड्यांपर्यंतच्या पिल्लाला दिवसातून किमान चार तास माणसाचा सहवास द्यायचा. चार तास! हे वाचून मी नवऱ्याला म्हटलं, इतका वेळ तर इथे शेजारी वर्षभरात एकमेकांशी बोलत नाहीत. तेव्हा मी रागात होते. खरं तर हा नियम मला फार आवडतो. पुण्यात रस्त्याकडेला पिंजऱ्यात एकावर एक ठेवलेली पिल्लं मी पाहिली आहेत, आणि तेव्हा पुढे निघून गेले आहे.

राग आईपाशी काढला. ती व्हिडिओ कॉलवर गवार मोडत होती. मी म्हटलं, "आपल्या घरी कधी फाटक होतं का गं?" ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला ती भुरी आठवते का? मोतीनं धरलेली?"

मला आठवत नव्हती. पाच-सहा आठवड्यांचं मांजरीचं पिल्लू होतं म्हणे, खेळता खेळता ओट्यावरून खाली आलं. मोतीने एकदाच धरून हलवलं. बाबांनी ते पारिजातकाखाली पुरलं, आणि मला सांगितलं की भुरी शेजारच्यांकडे गेली. मी चार वर्षांची होते. "मोतीचा दोष नव्हता," आई म्हणाली. "पळणारं दिसलं की धरायचं, एवढंच त्याला कळायचं. मोठी मांजर कौलांवर जायची म्हणून वाचायची."

त्या कौलांचा मी बरेच दिवस विचार करते आहे. आमच्या घरात मांजराला पत्रे होते, भिंत होती, माळा होता, शेजारचं आंब्याचं झाड होतं. कुत्र्याला अख्खी आळी होती. इथे तिसऱ्या मजल्यावर अडुसष्ट चौरस मीटर आहेत आणि खिडक्या जाळीने बंद. म्हणून मला अजूनही वाटतं की आमचं काही चुकत नव्हतं, आमच्याकडे जागा होती. पण भुरीच्या वयाला ती जागा पुरली नाही, हेही खरं.

नवऱ्याने भिंतीवर फळ्या ठोकल्या, कपाटापासून थेट खिडकीपर्यंत. लहान मुलांसाठी जिन्याला लावतात तसलं फाटक बेडरूमच्या दाराला बसवलं, खाली मांजर जाईल एवढी फट ठेवून. पिल्लू यायच्या आठवडाभर आधी बाईंनी त्याच्या अंथरुणातलं फडकं पाठवलं. ते आम्ही मांजरांच्या जेवणाजवळ ठेवायचो आणि रोज थोडं जवळ सरकवायचो. ढब्बूने दुसऱ्या दिवशी त्यावर बूड टेकलं. मनीने आठवडाभर त्याला वळसा घातला.

अकरा आठवड्यांचा मोती आला (नाव दुसरं सुचलंच नाही). पहिले चार दिवस बंद दार, मग फाटक, मग मोतीला घरातही पट्टा, कारण एकदा पाठलागाची गोडी लागली की ती सोडवणं कठीण. तो खेळायला बोलावताना पुढचे पाय जमिनीला टेकतो आणि शेपूट हलवतो. मनीच्या लेखी हलणारी शेपूट म्हणजे चिडलेलं जनावर. ती फिस्कारली की मी धावत जायचे. बाईंनी फोनवर सांगितलं, फिस्कारू द्या, ते तिचं बोलणं आहे. तुम्ही फक्त तिची पळायची वाट मोकळी ठेवा.

तिसऱ्या दिवशी मनीने जेवण सोडलं. दीड दिवस तोंड लावलं नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर यकृतावर येतं, हे मला ठाऊक होतं, म्हणून थेट डॉक्टरांकडे नेली. तपासणीत काही निघालं नाही. भीतीच होती. तिचं जेवण कपाटावर हलवलं आणि पहिल्या रात्री मी स्टुलावर उभी राहून तिला बोटाने भरवलं. तेव्हा तिच्याशी मराठीतच बोलत होते, आणि रडत होते. वाईचं अंगण एवढं कधी आठवलं नव्हतं.

आता ढब्बू आणि मोती एकाच सोफ्यावर झोपतात. मनी दिवसा फळीवरच असते. रात्री मोती त्याच्या पिंजऱ्यात निजला की ती खाली उतरते, घरभर फिरते, त्याच्या भांड्यातलं पाणी पिते आणि परत वर जाते. फाटक काढायचा विचार नाही.

बाईंचा दर रविवारी निरोप येतो. मोतीचं वजन विचारायच्या आधी त्या विचारतात, मनी खाली आली का? आणि आईही आता फोन लावला की म्हणते, आधी वरची दाखव.