दोन नंबरचं टेबल

धुळ्याहून शेठचा फोन आला तेव्हा मी भुसावळला एका रेल्वेवाल्या काकांच्या कॅरमला पॉलिश मारत बसलो होतो. म्हणजे माझं खरं काम ते नाही, खरं काम पूल आणि स्नूकर टेबलचं, कपडा बदलणे, कुशनचं म्हणजे टेबलाच्या कडेच्या गादीचं रबर बदलणे, लेव्हल काढणे, पण खान्देशात टेबलं असून असून किती असणार, मग कॅरम पण करतो, लाज कसली. शेठ म्हणे मिस्तरी उद्याच्या उद्या या, दोन नंबरच्या टेबलवर पोरांची मारामारी होता होता राहिली. मी म्हणलं मारामारी सोडवायला मी कशाला, पोलीस बोलवा ना. तर म्हणे नाही हो, टेबल पनवती आहे.

मे महिना होता. सकाळी जळगावहून पहिली एसटी धरली, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला उतरलो तोवर डोक्यावर ऊन तापलेलं आणि हातात तीस किलोची पेटी. पार्लर पहिल्या मजल्यावर, आत कूलर घरघरतोय, दोन टेबलं शेजारी शेजारी, दोन्ही नऊ फुटी. एक नंबर नवीन घेतलेलं, दोन नंबर सेकंडहँड, नाशिककडचा कुठलातरी क्लब बंद पडला तेव्हा शेठने उचलून आणलेलं. खाली वाकून लेव्हल बघायला गेलो तर टेबलाच्या पायाला लिंबू-मिरची बांधलेली. मी काही बोललो नाही. गिऱ्हाइकाच्या देवाधर्मात पडायचं नाही हे उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलंय.

झालं होतं असं. इथे तासावर पैसे आणि हरणारा भरतो. आदल्या रात्री दोन कॉलेजची पोरं, मध्ये काहीतरी वरची पैज पण असणार, ते काय मला सांगणार नाहीत. दोघांचाही फक्त शेवटचा ब्लॅक बॉल उरलेला, कुशनला चिकटून सरळ कॉर्नरकडे, एकाने जोरात मारला, बॉल पॉकेटच्या म्हणजे भोकाच्या तोंडात गेला, डावी-उजवी टणटण वाजला आणि चक्क बाहेर येऊन उभा राहिला. समोरच्याने आरामात ढकलला. मग शिव्या, मग कॉलर. शेठचं म्हणणं हे रोजचं आहे, एक नंबरवर नंबर लागलेले असतात आणि दोन नंबर रिकामं, फुकट दिलं तरी पोरं बसतात वाट बघत.

मी म्हणलं पॉकेट बारीक असेल. तर शेठ चिडला, "तुले काय वाटस, मी काय येडा शे? टेप लावीसन मोजेल शे." आणि खरंच त्याने माझ्यासमोर टेप लावला, दोन्हीकडे कॉर्नरचं तोंड साडेचार इंच. मी पेटीतून दोन बॉल काढून तोंडात शेजारी शेजारी ठेवले, ही आमची जुनी पद्धत, पूलचा बॉल सव्वादोन इंचाचा असतो म्हणजे दोन बॉल बरोब्बर बसले तर साडेचार. दोन्ही टेबलांवर दोन बॉल अगदी बरोबर बसले. शेठने माझ्याकडे असं बघितलं की बघ, आता काढ काय काढतोस ते.

खरं सांगू, त्या क्षणाला मलाही काही सुचलं नाही. साडेचार म्हणजे काही वाईट माप नाही, जागतिक नियमात कॉर्नरला साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच दिलंय, मधल्या पॉकेटला पाच ते पाच पूर्णांक एक अष्टमांश. उलट आपल्याकडची बरीच जुनी टेबलं पाच इंचाच्या आसपास निघतात, तिथे आंधळा पण चार बॉल घालतो. स्नूकरवाले तर पूलच्या पॉकेटला बालदीच म्हणतात, त्यांचं साडेतीन इंचाच्या आसपास, बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा आणि कडा गोल. (स्नूकर जबलपूरला जन्माला आलं, 1875 साली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. भुसावळवरून जबलपूरची गाडी जाते, मी गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतो, कोणाला काही घेणं नसतं.)

शेठने चहा मागवला आणि त्या चहावर मी त्याला आणि जमलेल्या चार पोरांना एक हिशेब समजावत बसलो, खरंतर स्वतःलाच वेळ मिळावा म्हणून. साडेचारच्या पॉकेटमध्ये सव्वादोनचा बॉल गेला तर उरली किती जागा? सव्वादोन. तेवढीच तुमची चूक माफ. आता पॉकेट चारचं केलं तर आपण म्हणणार काय झालं, अर्धाच इंच कमी झालं, नववा हिस्सा. पण बॉल तर तेवढाच आहे ना, उरली पावणेदोन, म्हणजे चुकायची जागा पाचव्या हिश्शाहून जास्त गेली. म्हणून पॉकेट थोडंसं आवळलं की खेळ भयंकर आवळतो. एक पोरगं म्हणे मग कॅरम तर अजून अवघड पाहिजे. बरोबर बोलला, कॅरमचं भोक साधारण साडेचौरेचाळीस मिलिमीटर आणि सोंगटी एकतीसच्या आसपास, दीडपट पण नाही, पूलमध्ये पूर्ण दुप्पट आहे. पण कॅरममध्ये सोंगटी चपटी असते, तिचा मध्य भोकाच्या कडेपलीकडे गेला की ती आत पडलीच, तिथे पॉकेटसारखे दोन बाजूंचे जबडे नाहीत वाजायला. पूलचा बॉल तोंडात शिरला म्हणजे पडला असं नसतं. हे बोलता बोलता माझ्याच डोक्यात ट्यूब पेटली, कारण आम्ही तोंडच मोजत बसलो होतो.

त्या पोरांतला एक, किडकिडीत, हात एकदम सरळ, त्याला म्हणलं भाऊ तू मार. कुशनपासून बोटभर अंतरावर बॉल, सरळ कॉर्नर. आधी हळू. दोन्ही टेबलांवर दहा दहा मारले, एक नंबरवर नऊ गेले, दोन नंबरवर आठ. काही फरक नाही म्हणायचा. मग म्हणलं आता जोरात. एक नंबरवर सात गेले आणि दोन नंबरवर तीन. उरलेले सगळे तोंडात शिरून वाजून बाहेर, तेच ते टणटण. शेठ म्हणे बघा पनवती. मी म्हणलं शेठ, पनवतीला हळू-जोरात कळत नसतं.

मग पेटीतून पुठ्ठ्याचा फर्मा काढला, कोन ताडून बघायचा कापीव नमुना. पॉकेटच्या दोन्ही बाजूंना रबराचं जे टोक तिरकं कापलेलं असतं त्याचा कोन असतो, कॉर्नरला 142 अंश, एखादा अंश इकडेतिकडे चालतो. 135 असता तर दोन्ही बाजू समांतर झाल्या असत्या, 142 म्हणजे आत जाता जाता नरसाळ्यासारखं थोडं अरुंद. तोंड साडेचार आणि घसा चार, असं. एक नंबरला फर्मा नखभर फट न ठेवता बसला. दोन नंबरला लावला तर मागच्या बाजूने रबर फर्म्याच्या पुढे आलेलं. काडी कापून घसा मोजला, पावणेचारच्याही आत. तोंड तेच, घसा आवळलेला. हळू आलेला बॉल एका बाजूला लागला तरी रेंगाळत आत पडतो, पण जोरात आलेला बॉल अशा जास्त तिरक्या भिंतीला लागला की समोरच्या भिंतीवर आडवा जातो, तिथून अजून आडवा, तिसऱ्या टप्प्याला तोंड बाहेरच्या बाजूला. घरात शिरलेल्या पाहुण्याला दोघांनी धरून बाहेर काढावं तसं. त्यात दोन नंबरची शेल्फ पण मोठी, म्हणजे तोंडापासून स्लेट, कपड्याखालची दगडी फरशी, जिथे कापलेली असते तिथपर्यंतची सपाट जागा, एक नंबरला दीड इंच आणि याला सव्वादोनच्या जवळ. नियमात बसतं, पण वाजलेला बॉल पडायच्या ऐवजी तिथेच उभा राहायला अंगण मिळतं.

शेठला हे पटायला वेळ लागला. टेपने मोजलेलं खोटं कसं असेल, हाच त्याचा मुद्दा, आणि तो काही चुकीचा नव्हता, टेप खोटं बोलतच नव्हता.

दुपारी कुशन खोलायला घेतले. बोल्ट काढले, कडेचा कपडा सोडवला, टोकाचं चिकटवलेलं रबर पटाशीने उचललं आणि खाली लाकूड दिसलं. लाकडाला पुढे वेगळा तुकडा जोडलेला, म्हणजे कधीतरी मोठं पॉकेट बारीक केलेलं, आणि त्या तुकड्यावर पेन्सिलने एक गोल आणि त्यात एक टिंब. मी दोन मिनिटं बसूनच राहिलो. ही खूण माझी. नाशिकला उस्तादाकडे शिकत होतो तेव्हा मी जोडणीच्या तुकड्यांवर ही खूण करायचो, डावं-उजवं चुकू नये म्हणून डावीकडे टिंब. एका क्लबवाल्याने पॉकेट आवळून मागितलं होतं, उस्ताद दुसऱ्या साईटवर गेलेले, मी एकट्याने केलं, तोंड बरोब्बर साडेचार आणलं आणि कोन मात्र डोळ्यांनी कापला. फर्मा तेव्हा माझ्याकडे नव्हताच. तोंड बरोबर आलं या आनंदात कोनाकडे कोण बघतंय. म्हणजे इतकी वर्षं ते टेबल पोरांना बाहेर ढकलत होतं आणि नाव लागलं पनवतीचं.

शेठला सांगावं की नाही यावर एक पूर्ण चहा गेला. शेवटी सांगितलं. वाटलं भडकेल, तर तो हसायलाच लागला आणि म्हणे मग मजुरी अर्धी. दिली म्हणलं.

काम तसं सोपं होतं, फक्त किचकट. पुढचं टोक, जिथे तोंडाचं माप आहे, त्याला हात लावायचा नाही, मागून लाकूड आणि रबर तासत जायचं, फर्मा लावत, परत तासत. चार कॉर्नर म्हणजे आठ टोकं. एकदा जास्त तासलं गेलं तर परत जोडणी, म्हणून रंधा ठेवून दिला आणि कानस-पॉलिश पेपरवरच केलं. नवीन रबराच्या पट्ट्या चिकटवल्या, सोल्युशन सुकायला वेळ दिला, मध्ये लाईट गेली दीड तास, कूलर बंद, घामाचे थेंब स्लेटवर पडू नयेत म्हणून गळ्यात टॉवेल. शेठच्या घरून शेवभाजी आणि भाकरी आली, एवढी जाळ होती की पोरं पाणी पीत होती आणि मी मुकाट्याने तासत होतो. शेल्फला काही करता येत नव्हतं, ती स्लेटमध्येच कापलेली, स्लेटला हात लावायची माझी हिंमत नाही.

रात्री साडेनऊला कपडा ओढून बसवला आणि त्याच किडकिडीत पोराला परत उभं केलं. जोरात दहा. सहा गेले. एक नंबरपेक्षा एक कमी, तो शेल्फचा असं मी म्हणालो, शेठ म्हणे तो लिंबाचा, लिंबू शिळं झालंय.

मी पेटी भरत होतो तेव्हा तो पोरगा जवळ येऊन हळूच म्हणे काका, खिडकीकडची दोन पॉकेटं आधीसारखी करता येतील का. मला कळेना, अरे दिवसभर यासाठीच तर मेलो. तर म्हणे पुण्याला स्पर्धेला जायचंय, तिथली टेबलं टाईट असतात म्हणे, एक नंबरवर मी सगळे घालतो आणि बाहेर गेलो की हात गळतात, म्हणून मी मुद्दाम दोन नंबरवर सकाळी एकटा खेळायचो, फुकट मिळायचं ना. त्यावर शेठ पलीकडून ओरडला, आता फुकट बंद. मी पोराला म्हणलं चुकीच्या कोनावर हात बसवू नकोस रे, टाईट आणि वाकडं यात फरक आहे. टाईट पाहिजे असेल तर तोंड चारचं करून घे पण कोन बरोबर ठेव, नाहीतर चांगला मारलेला शॉट बाहेर आला की तू स्वतःचा हात बदलायला लागशील. त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण फर्म्याचा फोटो काढून घेतला मोबाईलवर.

आता नेटवर वाचतो तर डेव्हिड अल्सिआटोर म्हणून अमेरिकेतल्या कोलोरॅडोला मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे प्रोफेसर होते, त्यांनी टेबल किती अवघड याचा एक आकडाच बनवलाय, टेबलचा साईज, पॉकेटचं तोंड, पॉकेटचा कोन आणि शेल्फ, चारही गोष्टींचे आकडे एकमेकांना गुणायचे. म्हणजे मी तेव्हा नाशिकला चारातली एक मोजून तीन सोडून दिल्या होत्या.

शेवटची एसटी गेलेली, शेठने पार्लरमध्येच गादी टाकून दिली. दिवा मालवायच्या आधी तो खाली वाकून काहीतरी करत होता. बघितलं तर ताजी लिंबू-मिरची बांधत होता, दोन नंबरलाच. म्हणे, "रबरचं तुम्ही बघितलं मिस्तरी, नजरेचं हे बघेल."