गुलाबी झगा

वसईत मी चर्चसाठी मिस्सेचे, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत फादर घालतात ते, झगे शिवते. सगळ्यात जास्त काम हिरव्याचं. वर्षातले ३३-३४ आठवडे तोच चालतो, म्हणून गळ्याशी तोच आधी विरतो. पांढरा नाताळ-ईस्टरचा, जांभळा ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, लाल हुतात्म्यांचा. आमच्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांच्या सणालाही लालच, १५९७ साली नागासाकीत त्यांना क्रुसावर मारलं म्हणून. एवढं मला पाठ होतं.

गेल्या वर्षी फादरांनी गुलाबी झगा सांगितला. मी बेबी पिंक सॅटिन बेतून नेलं. फादर काही बोलले नाहीत. कपाटातला जांभळा झगा काढून त्यांनी तो माझ्या कापडाला लावून धरला. दोन्ही एकमेकांचे कुणीच लागत नव्हते.

"ताई, हा गुलाबी या जांभळ्यातून यायला हवा."

उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी ईस्टर तीन आठवड्यांवर येतं. त्या दिवशीची मिस्साच 'आनंद कर, यरुशलेम' अशा शब्दांनी सुरू होते. पश्चात्तापाचा जांभळा तेवढा एक दिवस उजळतो. आणि तसाच नाताळच्या आधी, आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी. वर्षातून दोनच दिवस! मला ते ऐकूनच भरून आलं. इतक्या थोड्या वेळासाठी कुणी वेगळा रंग जपून ठेवतं.

सॅटिन बाजूला ठेवलं. मोतिया रंगाचं सिल्क आणि जांभळ्याची एक चिंधी घेऊन रंगाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "नुसता पातळ केला तर लव्हेंडर होईल. लाल घालावा लागेल." तीनदा तुकडे बुडवले. तिसरा ओला होता तेव्हा गडद वाटला, वाळल्यावर मात्र नेमका उतरला, पहाटे तांबडं फुटण्याच्या जरा आधी आभाळ असतं तसा. पाठीवरचा क्रूस मी मशीनवर न घेता हातानेच भरला.

त्या रविवारी मागच्या बाकावर बसले. उपवासकाळात वेदीवर फुलं नसतात, त्या दिवशी होती. फादर बाहेर आले आणि पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी शेजारणीचा हात धरला.

मिस्सेनंतर सॅक्रिस्टी, म्हणजे झगे ठेवायची चर्चमधली खोली, सांभाळणारे आजोबा झगा घडी करून ठेवायला लागले.

"आता डिसेंबरात," ते म्हणाले.

"आजोबा, घडी नको," मी म्हटलं, "क्रुसावर चूण पडेल. मलमलीत गुंडाळून ठेवू." मग एक टोक त्यांनी धरलं, एक मी.