सोड्यात मीठ

आमच्या दादांची दिंडोरी तालुक्यात थॉमसन द्राक्षांची बाग. घड विरळायचे, जीएचं, म्हणजे मणी वाढवणाऱ्या जिबरेलिक अ‍ॅसिडचं, डिपिंग करायचं, मणी फुगवायचे, हे बघतच मी वाढलो. वायनरीत लागलो तर सगळं उलटं. सॉव्हिन्यॉन ब्लाँ या वाइनच्या द्राक्षाचा घड मुठीत मावेल एवढा, मणी बारीक आणि बियांचे, जीएचं नाव नाही. दादांनी एकदा विचारलं, "गोडी छाटणी घ्यायची, चार-साडेचार महिने जीव टाकून गोडी आणायची, आन् तुम्ही ती सगळी घालवणार?" ड्राय वाइन म्हणजे तेच, दादा.

त्या फेब्रुवारीत माल २१ ब्रिक्सला आला, म्हणजे रसात साधारण २१ टक्के साखर. पहाटे हेडलॅम्प लावून तोडणी, कारण ऊन चढलं की पेरूसारखा, हिरव्या मिरचीसारखा वास उडायला लागतो. क्रेट थेट प्रेसला, रस रात्रभर थंड करून गाळ खाली बसवला, वरचा निवळ रस टाकीत घेऊन यीस्ट दिलं. तापमान १५ अंश. घाईत एक चाचणी राहिली होती, रसातल्या नायट्रोजनची.

पाचव्या दिवशी सकाळी टाकीचं झाकण उघडलं आणि सडक्या अंड्याचा भपकारा आला. नायट्रोजन कमी पडून यीस्ट उपाशी राहिलं की गंधकाचा तो वायू सोडतं. साखर संपत जाते तशी रसाची घनता उतरते; ती १०८७ वरून १०५० वर आली होती, म्हणजे अजून निम्म्याहून जास्त साखर बाकी. उपाय मला पाठ होता: नायट्रोजन देणारं डीएपी. दादांच्या गोणीत असतं तेच, फक्त खाद्य दर्जाचं. ५,००० लिटरला एक किलो मोजून घेतलं, शिडी चढलो आणि पावडर तशीच कोरडी आत ओतली.

दोन सेकंद काहीच नाही. मग आतून घरघर आली आणि झाकणातून पांढरा फेस उसळला. अंगावर, शिडीवर, फरशीवर, थांबायचं नाव नाही. टाकी वरपर्यंत भरलेली, ही माझी दुसरी चूक. सेलरमधले मामा ओरडले, "खाली या आधी, वास घेत उभे राहू नका!" आंबणाऱ्या टाकीच्या तोंडाशी कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस आवाज न करता कोसळतो, हे मला वर्गात शिकवलं होतं. मामांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी माझा पाय धरून ओढला.

दारं उघडली, पंखे लावले. पाइपने फरशी धूत मामा म्हणाले, "सोड्यात मीठ टाकलं की काय होतं, सायेब?" रसात वायू विरघळलेला असतो, कोरडी पावडर पडली की एकदम सुटतो. आधी पाण्यात विरघळवायचं, मग थोडं थोडं घालायचं. इतकं साधं होतं ते.

वायनरीतल्या मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. उरलेल्या रसात आम्ही हिशेबाने, पाण्यात विरघळवून पुन्हा डीएपी दिलं. टाकीतला रस थोडा हवेशी फिरवला. दोन दिवसांत वास गेला. सोळाव्या दिवशी घनता ९९२ आणि साखर लिटरला दोन ग्रॅमच्याही खाली.

एक्साइजच्या रजिस्टरमध्ये मात्र प्रत्येक लिटरचा हिशेब लागतो. घट, अंदाजे २०० लिटर. पुढच्या रकान्यात कारण. मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि लिहिलं, "फेस."