पाकळी पडली नाही

आमच्या सिंधुदुर्गातल्या गावात देवाला काही विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, आणि मग सगळे टक लावून बसतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहीर, सोयरीक, मुंबईची नोकरी, सगळं असंच ठरायचं.

आईच्या ऑपरेशनचं विचारायला बाबा गेले तेव्हा मी नववीत होतो. सकाळी आठला पाकळ्या लावल्या. दहा वाजले तरी एक हलेना. कडा सुकून तपकिरी व्हायला लागल्या. कुणीतरी उठून सभामंडपातला पंखा बंद केला, वाऱ्याने पडली असं नको व्हायला म्हणून. (वाऱ्याने का होईना, पडली असती तर बाबांना चाललं असतं.) शेवटी गुरव म्हणाला, “वायच वेगळा करून इचारूया.” प्रश्न फिरवला, पाकळ्या नव्या लावल्या. त्याही चिकटून बसल्या.

पुढे कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं आणि जे. एल. शेलेनबर्ग भेटला. या कॅनडाच्या माणसाने १९९३ मध्ये देवाच्या लपून राहण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: देव खरोखर पूर्ण प्रेमळ असेल, तर ज्याची काही आडकाठी नाही अशा माणसाला तो दाराबाहेर ठेवणार नाही. पण मनापासून शोधूनही विश्वास न बसलेली माणसं तर आहेत. मग तसा देव नाही.

बाबा या चौकटीत बसत नाहीत, त्यांचा विश्वास होता. बसतो तो मी. मला देव नको होता असं कधीच नव्हतं. त्या दिवशी तर त्या उजव्या पाकळीला मी मनातल्या मनात फुंकर घालत होतो.

ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन हिकचं उत्तर वेगळं. देव मुद्दाम अंतर राखतो, नाहीतर त्याच्या दडपणाखाली माणूस मोकळेपणाने त्याच्याकडे वळणारच नाही. वर्गात हे मला फार पटलं होतं. पण बाबांना त्या सकाळी मोकळीक नको होती, उत्तर हवं होतं. आणि त्यांच्यावर दडपण यायला शिल्लक काय होतं? ते तर आधीच हात जोडून उभे होते.

साडेअकराला बाबांनी नारळ ठेवला, चपला घातल्या आणि दुपारच्या एसटीने आईला घेऊन गेले. ऑपरेशन झालं. आई त्यानंतर चार वर्षं होती. ही चार वर्षं कुणाच्या खात्यात मांडायची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबांनी पुन्हा कौल लावला नाही. जत्रेला मात्र न चुकता जातात. गाऱ्हाणं सुरू झालं की मागे खांबाला टेकून उभे राहतात, आणि ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांत मोठ्याने त्यांचंच असतं.