भिंतीवरचं सर्टिफिकेट

"नोंदणी क्रमांक काय हो तुमचा?" गुडघ्याच्या व्यायामाला आलेल्या आजींनी फिजिओथेरपिस्ट म्हणवणाऱ्याला विचारलं. उत्तर आलं, "सर्टिफिकेट आहे ना भिंतीवर!"

ते होतं मसाजच्या सहा आठवड्यांच्या कोर्सचं.

बी.पी.टी. म्हणजे फिजिओथेरपीची पदवी कित्येक वर्षांची, त्यात इंटर्नशिपही. पुढे महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेकडे नोंदणी. त्यासाठी २००२चा कायदा आहे.

क्रमांक मागा आणि परिषदेकडे ताडून पाहा. पूर्ण नाव तेच आहे का, नोंदणी अजून चालू आहे का? लग्नानंतर आडनाव बदललेलं असलं तर नावाने सापडत नाही. लगेच संशय घेऊ नका, क्रमांकाने शोधा.

ऑपरेशन झालेला गुडघा अडाणी हाताने जोरात वाकवला तर सूज वाढते, सगळी मेहनत मागे जाते.

तुमच्या घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टना कधी विचारलाय क्रमांक?