प्लॅनमधून दारं गेली, वॉर्डरोब राहिला

रत्नागिरीजवळ उतारावर बांधायच्या एका बंगल्याची रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करून त्यातून प्लॅन काढणारं सॉफ्टवेअर) फाइल माझ्याकडे तपासायला आली होती. तळमजला दोन पातळ्यांत होता. रस्त्याकडचा भाग शून्यावर, तर दोन बेडरूम आणि टॉयलेट असलेला मागचा भाग खाली. आधी हा फरक ६०० मिमी होता, म्हणजे १५० च्या ४ पायऱ्या. कंटूर सर्व्हे (जमिनीच्या चढउताराची मोजणी) आल्यावर तो १३५० झाला, ९ पायऱ्या. मॉडेलमध्ये बदल नीट झाला होता. सेक्शन बरोबर, थ्रीडी बरोबर. प्लॅनमध्ये मात्र मागच्या भागाची फरशी नाही, पलंग नाही, बेसिन नाही. भिंती सलग, त्यात एकही दार-खिडकी नाही. आणि वॉर्डरोब तेवढे जागच्या जागी. हीच शीट साइटवर जाणार होती आणि बांधकाम याच प्लॅनवरून आखलं जाणार होतं.

वस्तू दिसत नसली की बहुतेकांचा हात आधी व्हिजिबिलिटी-ग्राफिक्सकडे, म्हणजे कोणत्या कॅटेगरी दाखवायच्या त्या यादीकडे, जातो. मी आधी रिव्हील हिडन एलिमेंट्स चालू करतो, खालच्या पट्टीतला दिव्याचा आयकॉन. कोणी हाइड केलेलं किंवा कॅटेगरी बंद केल्यामुळे न दिसणारं सगळं तिथे वेगळ्या रंगात उठून दिसतं. इथे तसं काहीच उठलं नाही. म्हणजे कोणी काही लपवलं नव्हतं. वस्तू व्ह्यू रेंजच्या, म्हणजे प्लॅनमध्ये दाखवायच्या उंचीच्या पट्ट्याच्या, बाहेर गेल्या होत्या. वॉर्डरोब टिकला, यातूनही तेच कळत होतं.

या व्ह्यूची रेंज मेट्रिक टेम्प्लेटची नेहमीचीच होती: टॉप २३००, कट प्लेन (प्लॅनसाठी घर आडवं कापायची उंची) १२००, बॉटम ०, व्ह्यू डेप्थ (बॉटमच्याही खाली कुठवर पाहायचं ती मर्यादा) ०. वॉर्डरोबची उंची २१००. तो १३५० ने खाली गेला तरी त्याचा माथा शून्याच्या वर ७५० ला येतो, म्हणून तो रेंजमध्ये राहतो. पलंग ४५० चा, त्याचा माथा उणे ९००. बेसिन ८५० वर, म्हणजे उणे ५००. दोन्ही बॉटमच्या खाली, म्हणून दोन्ही गेले.

फरशीचं कारण वेगळं आहे. फ्लोअर, जिने आणि रॅम्प यांना रेव्हिट बॉटमच्या खाली आणखी ४ फूट, म्हणजे सुमारे १.२२ मीटर सवलत देतं. ६०० च्या फरकात फरशी या सवलतीवर दिसत होती. व्ह्यू डेप्थ शून्यावर आहे हे त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. फरक १३५० झाल्यावर ती सवलतीच्याही खाली गेली. टॉयलेटचा ३०० चा सन्क (खाली घेतलेला) स्लॅब कुठल्याही प्लॅनमध्ये आपोआप दिसतो, तोही याच सवलतीमुळे.

दारांचं कारण तिसरं. दाराचा माथा २१००; मागच्या भागात तो ७५० वर येतो. कट प्लेन १२०० वर असल्यामुळे छेद लिंटेलच्या (दारावरच्या आडव्या तुळईच्या) वरच्या सलग भिंतीतून जातो. रेव्हिटने रेखाटलं ते त्या उंचीवर खरंच होतं. आधीच्या ६०० च्या फरकात माथा १५०० वर होता, म्हणून तेव्हा दारं कापली जात होती.

ऑफिसमध्ये यावर एक उपाय करून झाला होता: व्ह्यू टेम्प्लेट (अनेक व्ह्यूंना एकच सेटिंग लावणारा साचा) उघडून बॉटम आणि व्ह्यू डेप्थ दोन्ही उणे १३५० वर नेलेले. त्याने फरशी आणि पलंग परत आले, दारं आली नाहीत. शिवाय समोरच्या अंगणातल्या रिटेनिंग वॉलचा पाया प्लॅनमध्ये उगवला. टेम्प्लेट सगळ्या मजल्यांना लावलेला असल्यामुळे पहिल्या मजल्याच्या प्लॅनमध्येही खालच्या वस्तू शिरल्या. मग कट प्लेन खाली आणावा? मागची दारं कापायला तो ७५० च्या खाली हवा आणि पुढच्या खिडक्या कापायला ९०० च्या सिलच्या, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेच्या, वर. दोन्हीला चालेल अशी एक उंची या घरात नाही.

अशा ठिकाणी प्लॅन रीजनच हवा, म्हणजे प्लॅनच्या एका भागाला वेगळी व्ह्यू रेंज देणारी चौकट. टेम्प्लेट पूर्ववत केला. व्ह्यू टॅब, प्लॅन व्ह्यूज, त्यात प्लॅन रीजन. मागच्या भागाभोवती बंद चौकट काढली आणि प्रॉपर्टीजमधून तिची रेंज दिली: टॉप ९५०, कट प्लेन उणे १५०, बॉटम आणि व्ह्यू डेप्थ उणे १३५०. नेहमीच्या आकड्यांतून १३५० वजा, एवढाच हिशेब. ही रेंज रीजनची स्वतःची असते, टेम्प्लेटने ती अडत नाही. व्ह्यू डेप्थ बॉटमइतकीच ठेवली, कारण त्या दोघांच्या मधल्या वस्तू बियाँड नावाच्या लाइन स्टाइलने उमटतात आणि ती स्टाइल वेगळी ठेवलेली असेल तर फरशीच्या रेषा निराळ्याच दिसतात.

खरा वेळ जिन्याने घेतला. तो मागच्या रीजनमध्ये धरला तर उणे १५० चा कट प्लेन त्याला शेवटच्या पायरीशीच गाठतो आणि ९ पायऱ्यांच्या जिन्यावर तो मध्येच कापल्याची खूण (ब्रेक मार्क) उमटते. पुढच्या रेंजमध्ये ठेवला तर त्याच्या पायथ्याची फरशी गळते. म्हणून जिन्यापुरता दुसरा रीजन केला: कट १२००, बॉटम आणि डेप्थ उणे १३५०. रीजन एकमेकांवर चढलेले चालत नाहीत, कडेला कड लागलेली चालते. त्यामुळे सीमा पहिल्या आणि शेवटच्या रायझरवर (पायरीच्या उभ्या भागावर) तंतोतंत ठेवावी लागते.

पुढच्या टॉयलेटचा व्हेंटिलेटरही दिसत नव्हता: सिल १५००, माथा २१००. त्याच्या भिंतीपुरता छोटा रीजन, कट १७००. आणि लाउंजच्या कडेची १५०० उंचीची आड-भिंत पातळ रेषेत येत होती, जरी कट प्लेन तिच्यातूनच जात होता. बॉटमपासून ६ फुटांपेक्षा कमी उंचीची भिंत रेव्हिट कापत नाही, वरून पाहिल्यासारखी दाखवतं. तिथे लाइनवर्क टूलने कडा जाड केल्या. हा डागडुजीचाच उपाय आहे, पण अशा एका भिंतीसाठी पुरेसा आहे.

रीजनच्या तुटक सीमा अॅनोटेशन कॅटेगरीतून बंद केल्या. रेषा लपल्या तरी परिणाम राहतो. रीजन त्या एका व्ह्यूपुरता असतो. त्यामुळे इलेक्ट्रिकल आणि फर्निचर लेआउट वेगळे उघडून पाहावे लागले, आणि तिथेही मागच्या खोल्यांना दारं नव्हती. रीजन कॉपी करून त्या व्ह्यूंमध्ये अलाइन्ड पेस्ट (अगदी त्याच जागी पेस्ट) केले. उणे १५० आणि उणे १३५० हे आकडे हाताने टाकलेले आहेत, मॉडेलमधली फरशी हलली तरी ते हलत नाहीत. मागचा भाग आणखी एक पायरी खाली गेला तर त्या रीजनचे टॉप ८००, कट उणे ३००, बॉटम आणि डेप्थ उणे १५०० करावे लागतील, जिन्याच्या रीजनचे बॉटम आणि डेप्थही, आणि तेही प्रत्येक व्ह्यूत. हे आकडे मी फाइलच्या ड्राफ्टिंग व्ह्यूत (मॉडेलशी न जोडलेल्या टिपणाच्या पानावर) लिहून ठेवले आणि मगच शीट सहीला दिली.